आबांनी बदललेलं पाणी

मासा मेला म्हणून मी माझ्या आजोबांशी सतरा दिवस बोलले नाही.

अठराव्या दिवशी दुपारी आबा गेले.

आज तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. इथे लिहिते आहे, कारण घरात कुणासमोर हे बोलायची हिंमत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्या टँकचे फोटो लाईक केले होते. शहाद्याहून आणलेला निळा फायटर मासा. तळाला रेती, त्यात हायड्रिलाची रोपं, दगडावर बांधलेलं जावा मॉसचं शेवाळ.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्याच आठवड्यात मी तो आणला. आमच्या घरातली पहिली डिग्री. वाटायचं, या एका काचेच्या पेटीवर सारंगखेड्यातल्या पोरांना सगळं विज्ञान शिकवीन.

आबांनी त्याचं नाव ठेवलं बादल. कधीकाळी जत्रेत मनात भरलेल्या, पण घेता न आलेल्या एका घोड्याचं नाव.

"हाऊ एकलाच का शे?"

"दुसरा टाकला तर मारामारी करस, आबा."

"मंग हाऊ आपला भाऊबंदच शे."

दाढीचा आरसा काचेला लावून ते त्याला चिडवायचे. तो गाल आणि पंख फुगवायचा.

"देख, मन्हा सासरासारखा फुगस."

मी बाहेरगावी गेले की सकाळी चार दाणे आबाच टाकायचे. पाचवा कधी नाही.

आबांचा माशांवर जीव होता, त्याला एक जुनं कारण होतं. ते लहान होते तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. गावाच्या विहिरीत त्यांचे वडील तापीतले मासे आणून सोडायचे. रोज सकाळी वाकून मासे फिरताना दिसतात का ते पाहायचं, हे सहा-सात वर्षांच्या आबांचं काम. ते "दिखतस" म्हणाले की बायका घागरी सोडायच्या.

"मासा जित्ता, ते पानी चांगलं," आबा सांगायचे.

मग सूर्यग्रहण आलं.

त्या दिवशी मी शाळेच्या मैदानावर होते. पोरांना ग्रहणाचे चष्मे दिले, चंद्राची सावली समजावली. ग्रहण चालू असताना सगळ्यांसोबत पोहे खाल्ले. फोटो टाकला. तुम्ही अभिनंदन केलंत.

आबांनी मला अडवलं नव्हतं. सकाळी एवढंच म्हणाले, "तू जाय. घरनं मी देखी लेसू."

ग्रहण सुटल्यावर आमच्याकडे घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओततात. हंडा, माठ, पिंप, सगळं. घासून पुन्हा भरतात.

आबांनी टँकही रिकामा केला.

मासा तांब्यात काढला. रेती धुतली. फिल्टरचा स्पंज साबणाने घासला. मी पाण्यात बदामाची वाळलेली पानं टाकली होती, त्यानं पाणी चहासारखं झालं होतं. फायटरला तसंच लागतं. आबांनी ती पानं उकिरड्यावर टाकली आणि टँक नळाच्या पाण्याने भरला. नुकतीच टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर मारलेल्या पाण्याने.

मी घरी आले तेव्हा पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. बादल वर येऊन तोंड उघडत होता.

"गरहननं पानी व्हतं," आबा म्हणाले. ते खुश होते. "तुन्हा जीव शे ना त्याम्हा. मी बदली दिधं."

मला जमेल ते मी सगळं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळाशी आडवा पडलेला होता.

घरात आम्ही सगळे अहिराणी बोलतो. त्या सकाळी मी आबांशी कॉलेजातल्या मराठीत बोलले. स्पष्ट, शुद्ध, एकेक शब्द वेगळा.

"तुम्हाला ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावता? अडाणी ते अडाणीच राहिलात."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं.

आबा म्हणाले, "हा बेटा. चुकनं मन्हं."

मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही. ताट वाढलं, औषध दिलं, बोलले नाही. मला वाटायचं, मी अंधश्रद्धेशी लढते आहे.

आई सांगते, ते रोज विचारायचे, "पोर मन्हाबद्दल काही बोलनी का तुन्हासंगे?"

नवव्या दिवशी ते काठी टेकत तापीवर गेले आणि कडीच्या डब्यात बोटाएवढे तीन मासे घेऊन आले. डबा टँकजवळ ठेवला आणि बाजूला उभे राहिले.

मी डबा उचलला, नदीवर गेले आणि मासे सोडून आले. ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी रिकामा डबा पाहिला. मी आत गेले.

मी फार महान काम करत होते.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. ग्रहणाच्या महिनाभर आधी आबांनी टँकसमोर बसून विचारलं होतं, "पानी असं लाल का व्हयनं, बेटा?"

मी मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "केमिस्ट्री शे, आबा. तुमले नही समजाव."

मैदानावर साठ पोरांना मी चंद्राची सावली समजावली. ज्या आबांनी स्वतःहून विचारलं, त्यांना पानांचं सांगितलं नाही. नळाचं पाणी बादलीत एक दिवस ठेवून मग वापरायचं, हेही नाही. त्यांना कळलं असतं. विहीर राखलेला माणूस होता तो.

शेवटच्या दिवशी जेवून ते बाजेवर आडवे झाले. मी शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. ते दोनदा खाकरले. मला वाटलं, मी बोलावं म्हणून मुद्दाम करताहेत. उठले नाही.

सगळे म्हणतात, वय झालं होतं. सोन्यासारखं मरण आलं. मी मान हलवते.

आबांना अक्षर येत नव्हतं. आज ते असते तरी ही पोस्ट मलाच त्यांना वाचून दाखवावी लागली असती.

म्हणजे बोलावं लागलं असतं.

आबा, तुमच्या नातीचा शेवटचा नमस्कार.