भासरे, वाट सोडा

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगतलं नाही. पोराले नाही, सुनेले नाही. तेरवीच्या दिवशी सारे सोयरे पंगतीले बसले होते, तवा एकदा तोंडापर्यंत आलं होतं — गिळलं. तुमाले सांगतो. तुमी मले ओळखत नाही, तेच बरं हाय.

आमी नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या टाचेतला काटा. बाभळीचा होता, खोल गेला होता. कमला उंबरठ्यावर पाय लांब करून बसली अन् मी सुईनं कोरत बसलो.

"हळू ना जी! बैलाच्या खुरातला काढून राहिले का?"

काटा निघाला. मी सुईच्या टोकावर बिबा तापवला, चटका दिला. तिनं माह्या पाठीत एक बुक्की घातली. मंग उभी राहिली, टाच आपटून पाह्यली अन् म्हणे, "झालं. आता पहाटे साऱ्यायच्या पुढं जातो मी मोहावर."

मी सुई लुगड्याच्या चिंधीले पुसली.

काटा राहू दिला असता तर? लंगडत होती ती. गेलीच नसती. किती डाव हा इचार केला — मीच तिचा पाय चालता केला, अन् मले तवा ठावं होतं की त्या पायानं ती कुठी जाणार हाय.

आमचं गाव परतवाड्याच्या वर, चिखलदऱ्याच्या घाटाखाली. मी चवथीपर्यंत शिकलो, मंग गुरं, मंग जंगल. उन्हाळा लागला की मोह गळते. रातभर फुलं पडतात, पहाटे वेचा लागतात. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. पण अस्वलालेही मोह लागते, आपल्याहून जास्त लागते. म्हणून मुकाट्यानं झाडाखाली कोणी जात नाही. दुरूनच डबा वाजवाचा, हाक घालाची. अस्वल घुरघुर करते, अन् उठून जाते. त्याचं पोट भरलेलं असते, आपली टोपली भराची असते. दोघायचंही भागते.

दर बाईची हाक येगळी. कमलाची होती — "भासरे, वाट सोडा! मी येऊन राहिली!" भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन आली त्याच साली तिनं हे काढलं. "तुमच्यासारखंच केसाळ, तुमच्यासारखंच उठल्याउठल्या घुरघुर करते. तुमचा भाऊच तो." बाया हासत. अन् कमला हाक घालताना खरंच डोक्यावर पदर घेई.

आता दुसरी गोष्ट, ते माह्या बापानं शिकवलेली. घायाळ अस्वल हाकेनं पळत नाही. ते हाकेकडं येते. म्हणून ज्याच्या हातून जनावर घायाळ झालं, त्यानं त्याच सांजेले घरोघर जाऊन सांगाचं — उद्या झाडाखाली कोणी जाऊ नका. लाज वाटो, जेल होवो, सांगाचं. बाप म्हणे, हे नाही सांगतलं तो माणूस नाही.

तर मी कोण हाय ते तुमी समजा.

त्या दिवशी बडनेऱ्याचा एक ओळखीचा माणूस पाहुणा घेऊन आला होता. पाहुणा मोठ्या शहरातला, वागणूक चांगली. त्याच्याजवळ धनुष्य होतं. लहानपणी एका कोरकू म्हाताऱ्याजवळ मी बांबूचं पाह्यलं होतं, हे तसं नव्हतं. काळं, जड, दोन्ही टोकाले चाकं. त्याले अस्वल मारायचं होतं. बंदूक काहून नाही, म्हणून मी इचारलं, तर म्हणे, "आवाज होत नाही काका. झाडावरच्या पाखरालाही कळत नाही."

गुन्हा हाय हे मले ठावं नव्हतं का? ठावं होतं. मंग काहून गेलो? पयल्यांदी मी चिखलदऱ्याले लोकायले पॉइंट दाखवत फिरत होतो, मंग गाड्यावाले पोट्टे आले अन् मले कोणी इचारेना. हे दोघं माह्या मागं चालले. मी जिथी पाय ठेवला तिथीच पाय ठेवून. मी हात वर केला की थांबून. पाहुणा हळूच म्हणे, "तुमच्याशिवाय मी इथे आंधळा आहे काका." — हे ऐकून माही छाती फुगली. म्हाताऱ्या माणसाच्या मागं कोणी चालते म्हटलं तर... जाऊ द्या. हे कारण नाही. झालं ते सांगून राहिलो.

डबक्याजवळ, वाऱ्याच्या उलट्या अंगाले, मी त्यायले बसवलं. ऊन कललं अन् ते आलं. नाकानं सूं-सूं करत वारुळ उकरत बसलं. पाहुण्याच्या खांद्यावर माहा हात होता. मी दाबला की सोडाचं, असं ठरलं होतं. अस्वल आडवं फिरलं, त्याची कूस आमच्याकडं आली. मी दाबला. अन् त्याच घडीले ते वळलं.

बाण पोटात गेला, मांडीच्या अलीकडं.

अस्वल वरडते ते तुमी कधी ऐकलं का? ऐकू नका. माणूसच वाटते. बसलं, स्वतःच्याच कुशीले चावलं, पुन्हा वरडलं, अन् नाल्यात उतरलं. मी रगत पाह्यलं — काळं, घाणेरडं, आतड्याचं. अशानं जनावर मरते, पण सावकाश मरते. अन् तो नाला कुठी निंघते? आमच्या मोहाखालूनच निंघते.

मी म्हटलं, सकाळी पाहू. ते दोघं गाडीत बसले ते गेलेच, पुन्हा आले नाहीत. त्यायच्यावर मी काही लोटत नाही. बाण त्याचा होता, जागा माही होती, दाब माहा होता.

दिवेलागणीले मी गावात शिरलो. माह्या घराच्या पयले कितीतरी घरं लागतात. दारातून कोणी हटकलं, "कुठी गेलते जी?" मी म्हटलं, "असंच." एकेक दार मागं पडत गेलं. सांगतलं असतं तर कोणी केलं, कशानं केलं, कोण होतं संग — सारं निंघालं असतं. फॉरेस्टवाले आले असते. म्हातारपणी हातात बेडी. मी मनाले म्हणत राहिलो, रातीतच मरते ते. मरतेच.

अन् घरी आलो तर कमला उंबरठ्यावर टाच धरून बसली होती.

तिले तरी सांगता येत होतं ना? गावाले नको, बायकोले? म्हटलं असतं, उद्या जाऊ नको. तिनं इचारलं असतं, काहून? अन् ते सारं काढून घेतल्याबिगर राहत नव्हती. मंग तीच गेली असती घरोघर. मले तेच नको होतं.

ती परतवाड्याच्या दवाखान्याच्या वाटेतच गेली. काही दिवसानं अस्वल नाल्यात मेलेलं सापडलं, डुकरायनं अर्धं खाल्लेलं. लोक म्हणाले, कमलाबाईनं मरता मरता विळ्यानं फाडलं त्याले. विळा कुठला? टोपली अन् डबा, दुसरं काही नव्हतं तिच्याजवळ. आता मी अकोल्याले पोराजवळ राहतो. कोणी घरी आलं की तो सांगते, "माह्या मायनं अस्वल लोळवलं." अन् माह्याकडं पाह्यते — "होय ना बाबा?" नातवंडं टक लावून बसतात. मी मान हालवतो. "होय." तिले जीवदान दिल्यासारखं वाटते मले कधीकधी. अन् कधी वाटते, तिले मी रोज नव्यानं मारून राहिलो.

राहिली ते सकाळ.

अंधार होता, पण कोंबडं आरवलं होतं. तिनं टोपली घेतली. डबा घेतला, तो वाजला. माह्याजवळ येऊन वाकली. "येता का जी?" मी जागाच होतो. रातभर जागाच होतो. मी गोधडी तोंडावर घेऊन झोपल्यासारखा श्वास घेतला — लांब, जड. ती जराशी थांबली. मंग म्हणे, "झोपा. दमले असान." गोधडीचं टोक माह्या पायावर ओढलं अन् गेली. लंगडत नव्हती. पाय कसे सरळ पडून राहिले होते, ते मले ऐकू आलं.

मंग हाक आली. "भासरे, वाट सोडा! मी येऊन राहिली!"

ती हमेशा दोनदा घाले. दुसरी आली नाही.

मी पळालो. उघडाच पळालो. झाडाखालचा पाला आमी दोघांनीच जाळून साफ केला होता, त्या काळ्या जमिनीवर ती पडली होती. अस्वल नव्हतं. फुलं सांडली होती. तोंडाची एक बाजू राहिली नव्हती, पण दुसऱ्या बाजूचा डोळा उघडा होता अन् तो मले पाहून राहिला होता. जिती होती. अन् तिच्या हातापासून जराशा अंतरावर बाणाचा मोडका तुकडा पडला होता, मागं पिवळी पिसं लावलेला.

मांगून लोकायचे आवाज येऊन राहिले होते.

मी आधी तो तुकडा उचलला. राखेत खोल खुपसला, वरून पायानं दाबला. ती पाहून राहिली होती.

मंग तिले उचललं.