रेडिओतला पाहुणा

पिपरी मेघेत आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. निवडणूक आली की आकाशवाणीवर पक्षांची भाषणं लागत. पुढारी बोलू लागला की काकू डोक्यावरून पदर घ्यायच्या. म्हणायच्या, "परका माणूस घरात बोलून राह्यला." पक्ष कोणताही असो, मध्येच रेडिओ बंद करणं त्यांना पाहुण्याला हाकलण्यासारखं वाटे. भाषण संपलं की निघालेल्या पाहुण्याला 'येत जा' म्हणावं तसं रेडिओला "येजा बरं!" म्हणून मगच बटण फिरवायच्या. मी हसलो की माझ्यावर डोळे वटारायच्या.

पुढच्या निवडणुकीत मात्र एका ओळखीच्या आवाजाचं भाषण रंगात आलं असतानाच त्यांनी खटकन रेडिओ बंद केला. पदरही घेतला नव्हता.

"काऊन जी काकू?"

"मागच्या निवडणुकीत याले 'येजा' म्हटलं होतं. तो थेट आज येऊन राह्यला!"