पाहुणीचे टाके

निराशेचं एखादं सरकारी खातं सिल्वासात निघालं असतं, तर माझ्या मामाला अर्ज न करता त्याचा प्रमुख नेमला असता. आणि हे खातं चार-सहा महिन्यांत बंद पडणार असं सांगून मामाने पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसायला नकार दिला असता. इतका निराश माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक निराश होतात ते काही बिघडल्यावर. मामाला तेवढा धीर नसतो. कलिंगड घेताना तो विक्रेत्याला आधीच सांगून टाकतो, “पांढरं निघणार आहे, पण दे.” आणि घरी कापल्यावर ते लालभडक निघालं की फसवल्यासारखा बघत राहतो. वापीला गाडी पकडायची असली तर दोन तास आधी जाऊन बसतो, कारण गाडी रद्द होणारच. ती वेळेवर आली तर म्हणतो, “पुढे अडकवतील.” इथल्या शाळेत माझी नोकरी कायम झाली तेव्हा मी पेढे घेऊन त्याच्या पाया पडले. पेढा तोंडात टाकत त्याने आशीर्वाद दिला, “छान झालं. आता शाळा किती दिवस चालते बघायचं.”

आजाऱ्याला भेटायला मामाने जाऊ नये, असा आमच्या घराण्यात अलिखित ठराव आहे. माझ्या वडिलांना साधी कावीळ झाली होती, तेव्हा हा उशाशी बसून त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, “तुम्ही माणूस म्हणून फार चांगले होतात.” वडील त्या ‘होतात’मुळे दचकून उठून बसले आणि आठवड्यात बरे झाले, ही गोष्ट वेगळी. दर पावसाळ्यात तो दमणगंगेच्या पुलावर जाऊन पाणी बघून येतो आणि “यंदा काही खरं नाही” असं मामीला सांगून तांदळाचा डबा माळ्यावर चढवतो. मामी तो निमूटपणे खाली काढते. सरकारी नोकरीसाठी मामा डहाणूहून इथे आला त्याला उभं आयुष्य झालं. निवृत्त होऊन आमलीतल्या आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो, मी वरच्या मजल्यावर. त्या दोघांना मूलबाळ नाही. माणसांची सोबत म्हणजे मी, आणि समोरच्या दारातले पाटीलभाऊ. ते मूळचे धुळ्याकडचे, गलोंड्याच्या एका सुताच्या कारखान्यात पाळीवर काम करतात.

त्या पाटीलभाऊंनीच एका सकाळी पाळी संपवून येताना रिकाम्या खोक्यातून मांजरीचं मूठभर पिल्लू आणलं. राखाडी, डोळ्यांना चिपडं, आणि आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्यासारखा. “काका, ठेवून घ्या ना हिला,” ते म्हणाले. “कंपनीत राहिली तर मशीनखाली जाईल बिचारी. माझ्याकडे दिवसभर कुणी नसतं.”

मामाने पिल्लाकडे बघितलं आणि निकाल दिला, “ही काही जगत नाही.”

“मग मरेपर्यंत ठेवा,” मामी आतून म्हणाली आणि बशीत दूध घेऊन आली.

मामा तिला नाव ठेवू देईना. चार दिवसांची पाहुणी, तिला नाव कशाला? म्हणून मामी तिला पाहुणीच म्हणू लागली, आणि पाहुणी दिवसागणिक तट्ट होत गेली. ती पडद्यावर चढली की मामा म्हणे, पाय मोडणार. झोपली की म्हणे, उठायची नाही. तो पोटावर वर्तमानपत्र घेऊन पडला की त्याच वर्तमानपत्रावर येऊन ती वेटोळं करी, आणि मग मामा बातमीचं पान न उलटता तासभर तसाच पडून राही. विचारलं तर म्हणे, “पुढच्या पानावर तरी काय चांगलं असणार?”

पुढे पाहुणी वयात यायला लागली. खिडकीखाली एक दांडगा बोका येऊन रडू लागला. मामी व्यवहारी. तिने सरळ जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं आणि ऑपरेशनचा दिवस ठरवून आली. मामा हादरला. “एवढ्याशा जिवाला भूल? उठणार आहे का ती त्यातून?” तो घरभर फिरत म्हणत राहिला. सकाळी तिला उपाशी न्यायची होती, म्हणून ती दाराशी बसून टाहो फोडत होती. मामाने स्वतःचा चहाही परत पाठवला. मी शाळेतून अर्धा दिवस मागून त्यांच्याबरोबर गेले. मामी घरी थांबली. तिचे गुडघे दुखतात.

डॉक्टरीणबाई गुजराती, वयाने लहान, बोलायला मोकळ्या. “काका, चिंता ना करो,” त्या म्हणाल्या. “रोजचं काम आहे. पोटाला छोटासा छेद, गर्भाशय काढायचं, दोन-चार टाके. संध्याकाळी मस्त खेळेल.”

गर्भाशय हा शब्द ऐकून मामाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस, भाचीसमोर संकोचला असेल. तो बाकावर बसला आणि आतलं दार उघडेपर्यंत एकदाही म्हणाला नाही की ती मरणार. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

टोपलीत घालून तिला बाहेर आणलं तेव्हा तिचे डोळे सताड उघडे होते आणि जिभेचं गुलाबी टोक बाहेर लोंबत होतं. पोटावरचे केस भादरलेले, मधोमध काळ्या दोऱ्याचे टाके. मामा उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “गेली.”

“अहो काका, भूल आहे. डोळे उघडेच राहतात,” डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी सूचना दिल्या: उड्या मारू द्यायच्या नाहीत, टाके चाटू द्यायचे नाहीत, गळ्यातला हा प्लास्टिकचा कर्णा काढायचा नाही. मामा प्रत्येक सूचनेला जन्मठेप ऐकल्यासारखी मान हलवत होता. येताना रिक्षावाल्याला त्याने इतक्या वेळा “धीरे, धीरे” म्हटलं की तो बिचारा शेवटी म्हणाला, “काका, इससे धीरे चलाऊँगा तो रिक्षा बंद पड़ जाएगी।” आमलीच्या बाजारात एक भाजीची हातगाडी आम्हाला मागे टाकून पुढे गेली.

घरी आल्यावर मामाने घराचं रूपच पालटलं. पाहुणी ज्या ज्या वस्तूवर उडी मारू शकेल ती वस्तू घरातून गेली पाहिजे, असा त्याचा हिशेब. टीपॉय, खुर्च्या, टीव्हीचं टेबल, सगळं माझ्या घरी येऊन पडलं. पलंग उभा करून भिंतीला बांधला, आणि ते म्हातारं जोडपं जमिनीवर गादी टाकून राहू लागलं. मामीला खाली बसलं की उठवत नसे; ती दाराची कडी धरून उठायची. पाहुणी शुद्धीवर आली, पण तो कर्णा गळ्यातून काढायला म्हणून ती मागे मागे सरकत चालायची आणि भिंतीला धडकायची. “झालं,” मामा मला म्हणाला. “मेंदूला लागलं. आता ही जन्मभर उलटीच चालणार.” शेवटी मामीने त्याचं एक जुनं बनियन कापून पाहुणीला अंगडं शिवलं. ते घालून ती एखाद्या चिडलेल्या पैलवानासारखी दिसे. तरी ती खालून तोंड घालून टाक्यांपर्यंत पोचायचीच, म्हणून मामा दिवसभर तिच्या पोटावर तळवा धरून बसून राही.

एवढं करूनही व्हायचं ते झालं. टाके काढायला अजून अवकाश होता. पाटीलभाऊ पाहुणीची चौकशी करायला आले, दार उघडताना त्यांच्या हातातला डबा खाली पडला, आणि त्या आवाजाने ती बिथरली. मामाच्या हातून निसटून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि तिथून थेट फळीवर. फळीवरून ती उतरली ती पडल्यासारखी. मामाने उचललं तर बनियन ओलं, लाल.

पाटीलभाऊ रडवेले झाले. “काका, माझ्यामुळे झालं.” मामा तिला उराशी धरून तसाच अनवाणी निघाला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा टाके घातले, पण दुसऱ्या दिवशी जखम सुजली, ताप चढला आणि पाहुणीने खाणं सोडलं. इंजेक्शन देताना या वेळी बाई हसत नव्हत्या. “पोटात काही गेलं पाहिजे काका. नाही खाल्लं तर कठीण आहे.”

आणि मामा बोलायचा थांबला. आयुष्यभर सगळ्यांच्या मरणाची आगाऊ बातमी देणारा हा माणूस, आता खरोखर वेळ आली तर त्याच्या तोंडून एक वाईट शब्द निघेना. मी खाली डोकावून विचारायची, “मामा, कशी आहे रे?” तर तो नुसतं “आहे” म्हणायचा. मला त्या ‘आहे’ची भीती वाटू लागली. जन्मात अंड्यालाही न शिवलेला माझा मामा कोंबडीच्या दुकानात जाऊन उभा राहिला आणि डोळे मिटून म्हणाला, “आजाऱ्यासाठी पाहिजे. जरा मऊ द्या.” मामीने तिच्यासाठी वेगळं पातेलं काढलं. त्यातलं अळणी पाणी सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरून मामा पाहुणीच्या ओठांच्या कडेने थेंब थेंब सोडायचा, आणि ते सगळं तसंच त्याच्या धोतरावर ओघळायचं.

मी शाळेतून आले त्या दुपारी दार लोटलेलं होतं. पाहुणी त्याच्या मांडीवर निपचित पडली होती. मामी भिंतीला टेकून मेथी निवडत होती. तिने मला बघितलं, पण बोलली ती मेथीकडे बघूनच.

“तुला ठाऊक आहे का गं? माझीही पिशवी अशीच काढली होती. लग्नाला तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. डहाणूला, माझ्या माहेरी. पोट शिवून महिनाभर पडून होते. हे आले नाहीत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मामाने मान वर केली नाही. सिरिंजमधला थेंब टोकाशी लटकून राहिला आणि मग पाहुणीच्या जिभेवर पडला. तिने तो गिळला की नाही, हे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी वर गेले आणि त्यांच्या खुर्च्यांच्या गर्दीत बसून राहिले.

तिने गिळला होता. तो आणि त्यानंतरचे काही. दुसऱ्या दिवशी तिने सिरिंज चावली, आणि मामीने मला हाक मारून ते दाखवलं. ताप हळूहळू उतरला, जखम सुकली, टाकेही निघाले. पण पाहुणी पहिल्यासारखी मामाकडे मात्र येईना. त्याचे हात म्हणजे औषध, सुई आणि दाबून धरणं, एवढंच तिच्या लक्षात राहिलं असावं. त्याने वर्तमानपत्र उघडलं की ती उठून मामीच्या पायांशी जाऊन बसे. मामा पान उलटून म्हणे, “असंच असतं.” सगळं जिथल्या तिथे आल्यावरही त्याचा चेहरा काही जाग्यावर आला नाही. कलिंगड लाल निघालं तरी तो काही बोलत नसे.

खुर्च्या परत नेल्यानंतरच्या एका रविवारी मी मामीला हातशिलाईला एक ब्लाउज द्यायला गेले होते. मामा खिडकीशी उभा होता. आमच्याकडे पाठ करूनच तो एकदम म्हणाला, “मी आलो होतो.”

मामीने सुई थांबवली. “कुठे?”

“डहाणूला. दवाखान्याच्या मागच्या खिडकीपाशी. तू डोळे अर्धे उघडे टाकून पडली होतीस. तोंड उघडं. मला वाटलं...” तो थांबला. “आत आलोच नाही. एसटी स्टँडवर जाऊन बसलो. संध्याकाळी तुझा भाऊ समोरच्या टपरीवर चहा घ्यायला आला. तो कुणाशीतरी हसत होता. तेव्हा कळलं, तू आहेस. मग बस पकडली. नंतर तोंड कसं दाखवणार?”

मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

मामाने तशीच पाठ ठेवून विचारलं, “फार दुखायचं का गं?”

“दुखायचं ना,” मामी म्हणाली. मग दोऱ्याला नसलेली गाठ बघत राहिली. “दुखण्याचं काही नाही हो. दुपारी सगळे झोपायचे. घसा कोरडा पडायचा, आणि पाणी मागायला आपलं असं कुणी नसायचं. तेवढं वाटायचं.”

मामा स्वयंपाकघरात गेला. भांड्यांचा आवाज झाला. या घरात पेला कुठे असतो हे त्याला अजून नीट ठाऊक नसावं. मग तो काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून, थोडं थोडं सांडत आला आणि तो मामीसमोर धरून उभा राहिला.

“हल्ली नळाचं पाणी काही खरं नाही,” तो म्हणाला. “रोगराई येणार आहे.”

मामीला तहान नव्हती. मी आले तेव्हाच आम्ही चहा घेतला होता. तिने सुई ब्लाउजला टोचून ठेवली, पेला घेतला, आणि सगळं पाणी सावकाश पिऊन टाकलं.