जपूनबाई

पळायला शिकवणारी बाई घाबरट असू शकते, हे आमच्या शेखबाईंना पाहिल्याशिवाय कुणाला पटलं नसतं. हडपसरच्या आमच्या शाळेत त्या पीटी शिकवत. उंच, सडपातळ बांधा, पांढरी सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय दरारा असेल हिचा! पण शिट्टी तोंडाशी नेण्याआधी बाई एकदा आभाळाकडे बघायच्या, एकदा मैदानाच्या कोपऱ्यात लोळणाऱ्या कुत्र्याकडे, एकदा आमच्या पायांकडे, आणि मग म्हणायच्या, "जपून गं." शर्यत सोडताना कुणी 'जपून' म्हणतं का? म्हणून मुलींनी त्यांचं नाव जपूनबाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं. "नाव ठेवा, पण जपून ठेवा," असं एकदा त्यांनीच ऐकवलं आणि आम्ही ओशाळलो.

बाई भवानी पेठेत राहायच्या. चार पिढ्यांपासून त्यांचं घराणं तिथलं. भावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि बाईंनी लग्न केलं नव्हतं. सकाळच्या पहिल्या बसने त्या हडपसरला उतरत आणि आम्ही पोचायच्या आत वाकून वाकून सगळं मैदान पालथं घालत. काच, खिळा, टोकदार खडा, जे सापडेल ते ओच्यात गोळा करायच्या. आमच्यातल्या निम्म्या मुली अनवाणीच पळायच्या. "बूट फाटला तर नवा मिळतो. पाय मिळतो का कुठल्या दुकानात?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चालताना त्या उजवी टाच किंचित उचलून टाकत. त्याचं कारण कधी कुणी विचारलं नव्हतं. बाई तशाच चालतात, एवढंच आम्हाला ठाऊक.

मी पंधराशे मीटर पळायची. आमचं घर शाळेच्या पलीकडे, कालव्याच्या अंगाला, मळ्यात. आबा भाजी पिकवायचे आणि पहाटे मंडईत नेऊन घालायचे. मुलगी पळते याचं त्यांना कौतुक नव्हतं, पण त्यांनी आडकाठीही केली नाही. फक्त एक बोलणं स्पष्ट होतं. अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाली की लग्न. सासवडकडचं एक स्थळ आईने मनात धरूनही ठेवलं होतं. बाई मला म्हणायच्या, "राज्याच्या स्पर्धेचं एक प्रमाणपत्र हातात असलं ना, तर शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात जागा मिळते. मग तुझ्या वडिलांशी मी बोलेन." तेवढ्या एका वाक्यावर मी दहावीचं अख्खं वर्ष पळत होते. माझ्या पायांखेरीज माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

आणि त्याच वर्षी, जिल्ह्याची निवड तोंडावर आली असताना, डावी नडगी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, मग वर्गात नुसतं बसलं तरी. मी मनाशी म्हटलं, थकली असेल. चार दिवसांनी एका सकाळी बाईंनी शिट्टी वाजवून मला मध्येच थांबवलं. "डावा पाय जमिनीवर टेकवायला तू का कू करतेयस," त्या म्हणाल्या. "बस इथे." मैदानावरच गुडघे टेकून त्यांनी माझ्या नडगीवरून अंगठा फिरवत आणला. एका जागी तो आला आणि मी किंचाळले. बाईंचा चेहरा असा पांढरा पडला, की मला माझ्या पायापेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

त्याच दुपारी त्या मला कॅम्पातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नडगीचा एक्स-रे फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. पण डॉक्टर म्हणाले, "अशी बारीक चीर पहिल्या फोटोत बहुतेक दिसतच नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा काढू. तोवर पळणं बंद, आणि चालायचं ते काठी घेऊन." बसमध्ये बाई माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांचा हात गार पडला होता. "निवड?" मी विचारलं. "यंदाची नाही गं," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला त्यांचा भयंकर राग आला.

घरी काठी पाहिली आणि आईने कपाळाला हात लावला. पाय दुखतो याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पोरींचे पाय दुखतच असतात. पण काठी! आबा म्हणाले, "दारात ठेव ती. गावातनं मिरवू नगं. लंगडी पोर म्हनून बोभाटा झाला, तर कोन करील तुला?" झालं. मग मी रोज काठी घरी ठेवून निघायची. मळ्यापासून शाळेपर्यंत ओळखीची घरं, ओळखीचे ओटे. प्रत्येक ओट्यासमोरून ताठ चालायचं, चेहरा हसरा ठेवायचा. कुणी नुसतं "काय गं सुनंदा?" म्हणालं तरी मनात यायचं, यांना कळलं की काय? वर्गात बाकाखाली माझं बोट सतत नडगीवर. दुखतंय का, कालच्यापेक्षा कमी आहे का, जास्त आहे का? दाबून दाबून तिथली कातडी काळीनिळी पडली होती.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या फोटोत चीर दिसली. डॉक्टर म्हणाले, "हिला काठी दिली होती ना? पाय असाच वापरत राहिली, तर हे हाड एक दिवस पुरतं मोडेल. मग पळणं राहू दे, आयुष्यभर नीट चालणंही कठीण." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आबा घरी कधी असतात?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या मळ्यात आल्या. बांधावर आमची दोन कुत्री मोकळी असायची आणि बाई कुत्र्यांना किती भ्यायच्या ते सगळी शाळा जाणून होती. मी ओसरीवरून पाहिलं, मिटलेली छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरून बाई बांधावरून येत होत्या. कुत्री भुंकत होती, बाई थांबत होत्या, डोळे मिटत होत्या, पुन्हा एक पाऊल टाकत होत्या. आबा धावत गेले आणि त्यांना आणलं. आईने चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"आबा," त्या म्हणाल्या, "आपल्याला राग येईल, पण मला बोलायचं आहे."

"बोला की बाई. पर पोरीची जात हाय, ते ध्यानात घेऊन बोला."

"तेच ध्यानात घेऊन आले आहे." बाईंनी कप खाली ठेवला. "मी एकोणीस वर्षांची होते. मीसुद्धा पळायचे. टाच दुखायला लागली. घरी सांगितलं असतं तर अब्बांनी पळणं बंद केलं असतं, म्हणून नाही सांगितलं. हसत हसत चालत राहिले, आपली सुनंदा चालते तशी. मग एका शर्यतीत, मागून कुणीतरी टाचेवर दगड मारावा तसं वाटलं. मी वळून पाहिलं, इतक्या जोरात कोण मारतंय म्हणून. मागे कुणीच नव्हतं. टाचेमागची शीर तुटली होती."

आई दाराआड उभी होती.

"त्या दिवसापासून मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते, आबा. आत्ता आपल्या कुत्र्यांची वाटली, आपलीही वाटते आहे. पण या मुलीचा पाय मोडेल याची जी वाटते ना, ती सगळ्यांत मोठी. म्हणून आले."

आबांनी बराच वेळ तंबाखू मळली, पण ती तोंडात टाकलीच नाही. शेवटी म्हणाले, "उद्यापासनं मी सोडतो हिला सायकलवर. काठी घेऊनच जाईल."

"आवं, पर लोक..." दाराआडून आईचा आवाज आला.

"बघू दे लोकांना. बघून बघून किती बघतील?"

दुसऱ्या सकाळी मंडईतून आलेल्या आबांनी सायकलच्या कॅरिअरवर पोतं घडी करून बांधलं, त्यावर मला बसवलं आणि माझी काठी स्वतःच्या खांद्याला अडकवून, ओळखीच्या सगळ्या ओट्यांसमोरून मला शाळेत सोडलं. आठवड्याभरात सासवडकरांचा निरोप आला, मुलीच्या पायाचं कानावर आलंय, तूर्त राहू द्या. आई रडली. आबा जेवले आणि हात धुताना म्हणाले, "दूध प्याली का ती?"

मग सुरू झाली ती वाट बघण्याची शिक्षा. बाईंनी मला घरी बसू दिलं नाही. रोज सकाळी पायरीवर बसवून माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि इतर मुलींच्या वेळा मोजायला लावल्या. जिला मी नेहमी मागे टाकायची, ती मीरा दर आठवड्याला पुढे सरकत होती आणि ते मीच ओरडून सांगायचं. एकदा माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "बाई, हा पाय बराच झाला नाही तर?" कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं, होईल गं बरा. बाई माझ्याशेजारी पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही तीच भीती वाटते."

मला वाटलं, बाई थट्टा करतायत.

"खरं सांगते. पण तू एकटीने नको घाबरूस. तू हाताचे, पोटाचे व्यायाम कर, दूध पी, अभ्यास कर. घाबरायचं काम माझ्याकडे दे. मला त्याची सवय आहे."

हसू आलं आणि रडूही आलं. पण त्या दिवशी, कितीतरी दिवसांनी, वर्गात माझं बोट नडगीवर गेलं नाही.

हाड भरलं. डॉक्टरांनी तसं सांगितलं, काठी गेली, आधी चालणं, मग मैदानाच्या हिरवळीच्या पट्ट्यावर हळूहळू पळणं सुरू झालं. आणि खरा त्रास इथेच होता. पाय बरा झाला तरी मी बरी होईना. दहा पावलं टाकली की वाटायचं, दुखलं! थांबायची. पुन्हा पळायची, पुन्हा थांबायची. बाई बरोबरीने चालत असायच्या. त्या म्हणायच्या, "बोट ठेवून दाखव, कुठे?" मी वाकून शोधायची. कधी वाटे इथे, कधी चार बोटं वर, कधी पोटरीत. बाई म्हणायच्या, "दुखण्यावर बोट ठेवता येतं. ज्याच्यावर ठेवता येत नाही, ती भीती. दुखलं तर लगेच थांब, मी एक शब्द बोलणार नाही. भीती वाटली तर तिला घेऊनच पळ." सांगायला सोपं होतं. मला ते जमायला पावसाळा संपावा लागला.

अकरावीच्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीला उभी राहिले तेव्हा सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. आबा भाजी दुसऱ्याच्या हवाली करून, मंडईतूनच परस्पर मैदानावर आले होते. शर्यत सुरू झाली. निम्मं अंतर दुसऱ्या नंबरावर ठीक गेलं आणि मग डाव्या पायात काहीतरी झालं. वाटलं, हाड गेलं! पुढच्या वळणापर्यंत मी मनातल्या मनात बोट फिरवत होते, इथे का, इथे का? सापडेना. डोळ्यांत पाणी होतं, मीरा पुढे गेली, आणखी एक पुढे गेली, आणि मी घाबरलेलीच पळत राहिले. शेवटच्या वळणावर एकीला गाठलं. तिसरी आले. निवड तिघींचीच होती.

कुणीतरी मला मिठी मारत होतं, आबा लांबून टोपी हलवत होते. बाई गर्दीतून वाट काढत आल्या, धुळीत गुडघे टेकले आणि आधी माझी नडगी वरपासून खालपर्यंत दाबून पाहिली. मग वर बघून म्हणाल्या, "कितवी आलीस गं? मला पायाशिवाय काही दिसलंच नाही."

राज्याच्या स्पर्धेत मी जवळजवळ शेवटी आले, ते सांगण्यासारखं नाही. पण प्रमाणपत्र मिळालं, कॉलेजात जागा मिळाली, आबांशी बोलायला बाईंना पुन्हा बांध ओलांडावा लागला नाही. पुढे मी कोथरूडच्या एका शाळेत पीटीची बाई झाले. मुलींच्या नडग्यांवर अंगठा फिरवून त्यांना मैदानाबाहेर बसवत आले आणि त्यांचे फुगलेले चेहरे सोसत आले. माझ्या त्या वर्षभराच्या रागाचं बाईंनी काय केलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

बाई आता नाहीत. त्या निवृत्त झाल्या, मग भाऊही राहिला नाही, तेव्हा त्या हैदराबादला भाचीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. ते मला उशिरा समजलं. त्यामुळे माझ्या लेखी त्यांचा निरोप म्हणजे पुणे स्टेशनवरचा तो दिवस. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आबांनी वांगी आणि मेथीची टोपलीच आणली होती. "तिकडं असली भाजी घावती का न्हाई, कोन जाने!" बाई खिडकीत बसल्या होत्या आणि एकामागून एक काळज्या काढत होत्या. गाडी चुकीची तर नाही ना, मेथी उद्यापर्यंत टिकेल ना, आबा परत सायकलवर एवढ्या रहदारीतून जाणार का?

गाडी हलली. खिडकीच्या गजांतून बाईंनी माझा हात धरला होता, तो सुटला, आणि मी खिडकीबरोबर पळायला लागले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या ओरडल्या, "अगं सुनंदा, पळू नकोस! खाली फरशी आहे, हाडाला दणका बसेल! थांब म्हणते ना!"

मी थांबले नाही. फलाट संपेपर्यंत त्यांच्या बरोबरीने पळत गेले. पाय कुठेही दुखला नाही.