मानमोडी आणि आमची वहिनी

आज सकाळी वहिनी गेली.
साप चावून नाही. बीपीने. चहा गाळता गाळता.

सापाचं का काढलं, ते सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी हिंगोलीला बी.एस्सी. झूलॉजी करत होते. दादाने तांड्यावरची मुलगी लव्ह मॅरेज करून आणली, आणि शिरड शहापूरच्या आमच्या मेंढरंवाल्या घरात सगळ्यांची तोंडं फुगली.

आई तिच्या हातचं पाणीसुद्धा प्यायची नाही.
"ती आपल्यातली न्हाई," एवढंच म्हणायची.
वहिनी मुकाट राबायची. मला फार वाईट वाटायचं.

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे रानात होतो. वहिनीने विळा घ्यायला बाभळीच्या ढोलीत हात घातला. ती रोज तिथेच ठेवायची.

आतून फुस्स!

तिने हात ओढला. बोटाला रक्त.
"साप! साप चावला गं पोरीला!" आईच ओरडली.

दादा दोरी आणायला पळाला. मी निंबाचा पाला ओरबाडून वहिनीच्या तोंडात कोंबला. कडू लागला तर विष नाही, असं आमच्याकडे बघतात.

"लई कडू हाय," वहिनी म्हणाली. "आत्याबाई, साप न्हाई हो. विळा लागला."

ऐकतंय कोण? आईने तिचं बोट स्वतःच्या तोंडात घातलं आणि विष चोखून थुंकायला लागली.
माझी आई! मी बघतच राहिले.

वहिनीला रडू फुटलं. मग तिने दुसरा हात सरळ ढोलीत घातला. "अगं अगं" म्हणेपर्यंत बाहेर काढला, तर मुठीत पाखरू. बाभळीच्या सालीच्याच रंगाचं. मान अशी पिळत होतं, की खुद्द सापच वाटावा. वर फुसफुस चालूच.

"मेले, आदी सांगायचं न्हाई व्हय!"
"सांगूनच राहिले की मी!"

दोघी एकदम हसल्या.

मी लगेच कॉलेजचं ज्ञान पाजळलं. "ही मानमोडी. सुतार पक्ष्याच्या फॅमिलीतली."
"एवढुशा चोचीनं लाकूड फोडती?" आईने विचारलं.
"नाही गं. दुसऱ्याच्या ढोलीत राहते, जमिनीवरच्या मुंग्या खाते. शेपूटही मऊ. पण जीभ तशीच लांब, पायाची दोन बोटं पुढं, दोन मागं. म्हणून त्यांच्यातलीच."

आई बराच वेळ पाखराकडे बघत होती.
"सोड तिला. तकलीफ होऊन राहिली," ती वहिनीला म्हणाली. "आन् पानी दे मला."

आज दुपारी तांड्यावरून वहिनीची माणसं आली. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, सगळं आपल्याच रीतीनं होऊ द्या.

आई भिंतीला धरून उठली.
"न्हाई. तिच्या तांड्याची रीत बी होईल. ती आपलीच हाय. म्हनून काय तिनं तिचं सगळं टाकायचं व्हय?"



तांड्यावरच्या बाया वहिनीभोवती बसून त्यांच्या गोरमाटी बोलीत रडू लागल्या. आईला त्यातला एक शब्द कळत नव्हता. ती त्यांच्यात जाऊन बसली आणि त्यांच्याबरोबर मोठमोठ्यानं रडली.

वहिनी, तुला शेवटचा नमस्कार.
आईची काळजी करू नकोस. मी आहे.