पोटखराब्याचं अकरा पानी रिटर्न

सौदीतल्या धाहरानमध्ये पगारावर कर नाही, आणि तिथे बसून मी रिटर्न भरत होतो.

आदल्या वर्षीच आम्ही अमेरिका सोडून इथे आलो होतो. जाता जाता तिथल्या राज्याला शेवटचं रिटर्न देणं बाकी होतं. त्यात अडचण एकच. माझ्याकडे एक करमुक्त फंड होता. त्याच्या लाभांशावर तिथलं केंद्र सरकार कर घेत नाही. पण राज्य म्हणतं, माझ्या रोख्यांवरचा भाग माफ, इतर राज्यांच्या रोख्यांवरचा मात्र वेगळा काढून दाखवा. (लाभांश एवढा, की त्यात दोघांपुरता कब्सा, म्हणजे इथला मटण-भातही आला नसता!)

आणि नेमके त्याच वेळी सासरे व्हिजिट व्हिसावर आलेले. नाना म्हणजे गुहागरकडचे निवृत्त तलाठी. लग्नाच्या नोंदणीला मी स्वतःचा जन्मदाखला घरी विसरून गेलो होतो, तेव्हापासून कागदाच्या बाबतीत त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. एक तरी कागद जावयाच्या हातून बिनचूक होतो, हे मला त्यांना दाखवायचंच होतं.

ऑफिसातल्या अबू फहदला मी आधी विचारून पाहिलं. तो म्हणाला, "टॅक्स नाही ना त्यावर? मग खलास." आणि खजुराचा डबा माझ्या हातात ठेवला.

मी घरी येऊन तेच सांगितलं. "नाना, करमुक्तच आहे. नाही लिहिलं तरी चालेल."

नानांनी चष्मा काढला. "जावईबापू, पोटखराब्यावर आकार असतो का?"

"नसतो. न पिकणाऱ्या जमिनीला कसला सारा?"

"मग सातबाऱ्यावर तो लिहितात की नाही?"

"लिहितात."

"मग लिहा. माफ आहे ते सरकार ठरवेल. आपण आधी दाखवायचं."

एरवी मला 'अरे' म्हणणारी मीना वडिलांसमोर एकदम सोज्वळ होते. ती म्हणाली, "अहो, बाबा बरोबर सांगतायत." (आणि खरंच बरोबर होतं, हे इथे नमूद करतो.)

तिथे थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मला शाबासकी हवी होती. मी म्हटलं, "नाना, फॉर्मला एक पत्रच जोडतो. जे जे करमुक्त, ते सगळं लिहून टाकतो."

नानांचा चेहरा खुलला. लग्नानंतर पहिल्यांदाच! मग काय, मी बसलो. कंपनीच्या हाउसीत जिंकलेली इस्त्री लिहिली. दिवाळसणाला मिळालेलं घड्याळ लिहिलं. ("ते बंद आहे," मीना म्हणाली. "तसा शेरा मारा," नाना म्हणाले.) अबू फहदचा खजुराचा डबाही लिहिला.

"किती खजूर?" नानांनी विचारलं.

मी मोजायला घेतले. आमची इरा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, दे डोन्ट केअर."

"तू गप्प बस," मी म्हणालो आणि खाल्लेले चार वेगळे दाखवले.

पत्र अकरा पानांचं झालं. नानांनी पानापानावर माझी छोटी सही घेतली. मी स्वतः जाऊन ते टपालात टाकलं आणि पुढचे दोन महिने घरात मान वर करून फिरलो. नाना फोनवर गुहागरला सांगत होते, "जावई सुधारला."

त्यांच्या परतीच्या आठवड्यात राज्याचं उत्तर आलं. मी ते मुद्दाम सगळ्यांसमोर इराला वाचायला दिलं. इराने वाचलं आणि ओठ दाबले.

"बाबा, ते म्हणतायत, बाकी माहितीची गरज नव्हती. पण फंडाच्या लाभांशाची ओळ रिकामी आहे. तेवढी भरून तीस दिवसांत पाठवा."

मुख्य गोष्ट आहे, शेवटी सावकाश लिहू, म्हणून मी ती मागे ठेवली होती. मग खजूर मोजण्यात राहूनच गेली.

नानांनी इराकडून पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग शांतपणे म्हणाले, "ओढा लिहिलात, पायवाट लिहिलीत, बांधावरचं बाभळीचं खोड लिहिलंत. शेत राहिलं."

दुसरा फॉर्म मीनाने भरला. फंडाकडून आलेला राज्यनिहाय टक्केवारीचा तक्ता समोर ठेवून नानांनी आकडे सांगितले, इराने बेरीज तपासली. माझ्याकडे फक्त सही होती. ती जिथे करायची तिथे मीनाने पेन्सिलीने मोठी फुली मारून दिली होती.

मी ती बायकोच्या रकान्यात केली.