पान्हा

आमच्या पेठेतल्या दूध कट्ट्यावर तो रोज सकाळी म्हशी घेऊन येतो आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो सगळ्यांनाच पावणं म्हणतो, रोज येणाऱ्या मलाही. माणसांशी बोलताना त्याचा आवाज पार चौकापर्यंत जातो. म्हशींशी मात्र तो अगदी हळू बोलतो.

थायरॉईडमुळं माझं वजन वाढलं होतं. ते उतरावं म्हणून मी रात्रीचं जेवण सोडलं होतं आणि सकाळची गोळी त्याच्या दुधाबरोबर घेत होतो. वजन हलत नव्हतं.

एकदा त्यानं माझ्या हातातली गोळी बघितली आणि भरलेला ग्लास मागं घेतला.

"ही दुधासंगं? आमची मंडळीबी हीच खाती. उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासंगं, मग तासभर कायबी न्हाय. डॉक्टरनं सांगितलं न्हाय व्हय?"

सांगितलं होतं की. पण धारोष्ण दूध मी खाण्यात धरतच नव्हतो. ओशाळून मी रात्रीच्या उपासाचंही सांगून टाकलं.

तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "हिला उपाशी ठेवली, की ही पान्हा चोरतीया. तुमचं अंगबी तसंच हाय, पावणं, उपाशी ठेवलं की हाय ते धरून बसतंय."

तेव्हापासून तो माझ्यासाठी एका म्हशीची धार शेवटाला ठेवतो. गोळी घेऊन मी तासाभरानं पोचतो, तेव्हा कट्टा रिकामा झालेला असतो. ग्लास हातात देण्याआधी तो विचारतो, "रातचं जेवलासा न्हवं?"

हे मात्र तो अगदी हळू विचारतो.